पाचव्यावरून सातव्यावर

आमच्या मामाला देशाची काळजी फार. तुमच्याआमच्यासारखी, पेपर वाचताना लागते आणि चहाबरोबर संपते तसली नाही. देशाच्या डोक्यावर किती कर्ज झालंय हा आकडा त्याला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा पक्का पाठ असायचा. मामीचं म्हणणं, पहिला वाढला की दुसरा आपोआप वाढतो, वेगळा मोजायची गरजच काय?

मामा एका मोठ्या सरकारी कचेरीत लिफ्टमन होता. आठ मजली इमारत, तिच्यात चार माणसं जेमतेम मावतील अशी जुनी लिफ्ट, लिफ्टमध्ये स्टूल आणि स्टुलावर मामा. एकतीस वर्षं. पाचव्या मजल्यावर अर्थखातं, सातव्यावर परराष्ट्रखातं. कान उघडे आणि तोंड बंद, हा त्याचा नियम. ‘कितवा?’ या एका शब्दापलीकडे त्याने कुठल्याही साहेबाला कधी काही विचारलं नाही.

पण साहेब लोकही हुशार. लिफ्टमध्ये शिरले की त्यांचं बोलणं बंद व्हायचं. मग मामाने आपलं स्वतःचं शास्त्र तयार केलं. कोण कुठून कुठे जातो, एवढंच बघायचं. पाचव्यावरचे आठव्यावरच्या बैठकीच्या खोलीत गेले, म्हणजे कुणीतरी पैसे मागायला आलंय, त्यात विशेष नाही. पाचव्यावरचे सातव्यावर जायला लागले की मात्र मामा फेऱ्या मोजायला लागायचा. पैशाची माणसं परराष्ट्रवाल्यांकडे कशाला जातील? एक तर बाहेर कुठेतरी भडका उडालाय, नाहीतर बाहेर हात पसरायची वेळ आलीय.

अशा दिवशी संध्याकाळी तो तीन जिने चढून घरी यायचा. जन्मभर लोकांना वर नेणाऱ्या या माणसाच्या घराला लिफ्ट नव्हती. धापा टाकत बूट काढायचा आणि एवढंच म्हणायचा, “आज चार वेळा.” मामी काही न विचारता पिशवी उचलून तेल आणि साबण आणायला निघायची. मामाची ही भाकितं बहुतेक वेळा फुसकी निघायची. फक्त एकदा खरंच आठवड्यात तेलाचे भाव दुप्पट झाले आणि तेव्हा आमच्या मामीकडे तेलाचे अकरा डबे होते. त्यानंतर मामाला कुणी तोंडावर हसेनासं झालं. मी हसायचे, पण मी त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी, दोन जिने खाली राहणारी आणि त्याची लाडकी. मला सगळं माफ होतं.

आणि मग ताईला ते पत्र आलं.

ताई म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी. ती कृत्रिम पाय बसवायचं काम करते. बाहेरच्या एका देशातल्या इस्पितळाने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. जिथे इतके पाय बसवायला लागतात तो देश कसा असेल, ते सांगायला नको. वर्षभरात तिथली दोन सरकारं पडली होती आणि पावासाठी रांगा लागत होत्या.

“अंथरूण न बघता पाय पसरले त्या लोकांनी,” मामा म्हणाला. “ऋण काढून सण केले. आता भोगतायत. आणि आपल्या इथे काय कमी आहे? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.”

“बाबा,” ताई शांतपणे म्हणाली, “तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. पण पेपर वाचून नको म्हणू नका. तुम्ही एवढ्या मोठ्या कचेरीत आहात. खरं काय आहे ते विचारा आणि सांगा. आठ दिवसांत मला कळवायचंय.”

झालं! नेमकी त्याच आठवड्यात पाचव्यावरून सातव्यावर रीघ लागली. सोमवारी सहा वेळा, मंगळवारी नऊ, बुधवारी चौदा. मामाचं तोंड रोज आणखी उतरत गेलं. मामीने वर्षभर पुरेल एवढा साबण भरला.

गुरुवारी मामाने नियम मोडला. पाचव्यावर चष्मेवाल्या मॅडम एकट्याच आत आल्या. देशाचं कर्ज बघणारा अख्खा विभाग त्यांच्या हाताखाली. “सात,” त्या म्हणाल्या. मामाने दार लावलं, लिफ्ट सुरू केली आणि सहाव्याच्या जरा खालीच थांबवली.

“मॅडम, माफ करा. तिकडे फार बिघडलंय का हो?” मामाने त्या देशाचं नाव घेतलं.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. “का? तुम्हाला काही कळलंय का?”

“मला? मला कुठून कळणार? तुम्हीच लोक दिवसभर सातव्यावर पळताय.”

“अहो, आम्ही कॉफी प्यायला जातो! काटकसर म्हणून या सोमवारी आमच्या मजल्यावरचं यंत्र बंद केलं. सातव्यावर परदेशी पाहुणे येतात, म्हणून तिथलं चालू ठेवलंय.”

मामा म्हणतो, त्याला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मॅडमच हळू आवाजात बोलायला लागल्या. “माझा मुलगा तिकडे शिकतो. फोनवर विचारलं की म्हणतो, सगळं ठीक आहे. सातव्यावर विचारलं तर तेही पेपरातलंच सांगतात. मग मी सकाळी आत शिरताना तुमच्याकडे बघते. वाटतं, या इमारतीतलं सगळं तुमच्या कानावरून जातं. सोमवारपासून तुमचं तोंड असं उतरलेलं. काका, मला चार दिवस जेवण गेलेलं नाही.”

मामाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी पोट धरधरून हसले. अर्थखातं मामाच्या तोंडाकडे बघून घाबरलं होतं आणि मामा त्यांच्या कॉफीला! मामा हसला नाही.

“कुणालाच काही माहीत नाही गं,” तो म्हणाला. “मला वाटायचं, वर कुणीतरी बसलंय, त्याला सगळं ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी रोज वर जाऊन येतोय.”

मग त्याने ताईला हाक मारली. “विचारलं मी. वरच्यांनाही माहीत नाही.”

“मग तुम्हाला काय वाटतं?”

“मला भीती वाटते,” मामा सरळ म्हणाला. “पण मी लिफ्टमन आहे. कुणी कितव्यावर जायचं ते मी ठरवत नाही. तुला जायचंय ना? जा.”

शुक्रवारपासून मामा लिफ्टमध्ये हसायला लागला. सवय नसल्यामुळे ते हसू फोटो काढायला बसवल्यासारखं दिसायचं, पण पाचव्या मजल्याला ते पुरलं. मॅडम जेवायला लागल्या.

ताई निघाली त्या सकाळी तिची मोठी बॅग मामाने कुणालाही उचलू दिली नाही. तीन जिने स्वतः उतरवली, टॅक्सीत ठेवली. मामी वर खिडकीत होती, तिला खाली यायचा धीर झाला नाही. ताई आत बसली आणि काचेतून मामाच्या तोंडाकडे बघत राहिली. मामाने ते लिफ्टमधलं हसू लावलं. टॅक्सी निघाली आणि नेमकी कोपऱ्यावरच्या लाल दिव्याला अडकली. मागच्या काचेत ताईचा चेहरा आमच्याकडे वळलेलाच.

मामाचे डोळे भरून आले होते, त्याला काही दिसत नव्हतं. ओठ न हलवता त्याने मला विचारलं, “गेली का गं?”

“नाही. बघतेय अजून.”

“बरं,” तो म्हणाला आणि तसाच हसत उभा राहिला. इतका लांब चाललेला लाल दिवा मी जन्मात पाहिला नाही.

टॅक्सी वळली. “गेली,” मी म्हटलं.

मामा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने त्याने घड्याळ बघितलं.

“आजच्या दिवस घरी राहा ना मामा,” मी म्हटलं.

“नको गं. साडेनऊला मॅडम येतात,” तो म्हणाला. “मी दिसलो नाही तर काय वाटेल त्या बाईला? तिचा पोरगा आहे तिकडे.”

खालच्या नळावर त्याने तोंड धुतलं आणि कामावर गेला.