फोनवरचा हात

कुरकुंभच्या आमच्या कारखान्यातलं जुनं मशीन दोन दिवस बंद होतं, तेव्हा दौंडहून ते दुरुस्त करायला एक आप्पा आले. मशीन चालवणारी फाइल उडाली होती, ती दुसऱ्या कारखान्यातून मॉडेमनं, फोनच्या तारेवरून आणायची होती. काळ्या स्क्रीनवर ते एका बोटानं कमांड टाइप करत. फाइल आणणारा फुकटातला प्रोग्रॅम दर वेळी ‘आवडला तर विकत घ्या’ म्हणे. आप्पा मान डोलावून एंटर दाबत.

फाइल खरंच येतेय का, हे ऐकायला मी त्याच लाइनचा रिसीव्हर उचलला आणि लाइन तुटली.

आप्पा चिडले नाहीत. तीच कमांड पुन्हा टाइप करत म्हणाले, “जिथं तुटली, तिथनंच पुढं जाती ही. तुमी आता फोनवर हात ठिवा. कुणालाबी उचलू द्यायचा न्हाई.”

तासाभरानं साहेब सवयीनं फोनकडे आले. बारा वर्षांच्या नोकरीत मी त्यांना पहिल्यांदाच म्हणालो, “न्हाई.”