झोक्याचा दोर

वसंतदादा गेल्याची बातमी मला कामरगावहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं दिली. मी वाशीमला कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत होतो. तो दारातच उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, ''मास्तर गेले बाप्पा, पहाटे.'' मी हातातली फाईल नीट जागेवर ठेवली, वर फडकंही मारलं... मग खाली बसलो. सवयी अशा असतात. आता महिना उलटून गेला, तरी लिहायला घेतलं की हात त्या फडक्याकडेच जातो.

दादा माझा थोरला चुलतभाऊ. जन्मभर कामरगावच्या शाळेत मास्तर. स्वतःचं लग्न केलं नाही, आणि आमच्या विधवा काकूला स्वतःच्या शेवटच्या दिवसापर्यंत आपल्याकडे ठेवलं. घरात माझा लौकिक हुशार म्हणून होता, दादाचा हळू म्हणून. ह्या लौकिकाचं काय झालं, तेच सांगायचं आहे.

काकूचे यजमान, आमचे दुकानदार काका, रोज रात्री रोजनिशीत चार ओळी लिहीत. ऊन किती पडलं, दुकानात कोण आलं, असलंच काहीतरी. त्यांच्या पश्चात सतरा वह्या निघाल्या. काकू म्हातारपणी दादाकडून वाचायला शिकली होती, एकेक अक्षर बोटानं धरून. एकदा मी गेलो असताना ती म्हणाली, ''मधू, ह्या वह्यांत माह्या शांतीचं जेवढं असंल तेवढं काढून दे. बाकीचं मले नको.'' शांता तिची एकुलती लेक, सातव्या वर्षी तापानं गेलेली.

कागद शोधणं म्हणजे माझ्या पोटापाण्याचा धंदा! दोन दिवसांत मी सगळ्या वह्या चाळल्या. जिथं 'शांता' दिसलं ती ओळ उचलली आणि सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरवली. शांता शाळेत गेली. शांतेचा दात पडला. शांतेला ताप. शांतेचा ताप उतरला नाही. एकूण एकवीस ओळी. खाली मी रेघसुद्धा मारली होती, शाबासकीसाठी जागा सोडून.

काकूनं अख्खी दुपार तो कागद वाचला. मग विचारलं, ''अन् मंग?''

''मंग काही नाही काकू. पुढं नावच नाही.''

''म्हंजे इसरले,'' ती म्हणाली. ''तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसले होते. मी तवाच समजली होती...'' कागदाची घडी करून तिनं ती उशाखाली सारली, आणि त्या दिवशी जेवली नाही. इतकी वर्षं तिच्या मनात असलेल्या संशयाला मी सुवाच्य अक्षरात पुरावा दिला होता.

दादा मला रागावला नाही. फक्त म्हणाला, ''मध्या, तू नाव शोधलं. पोरगी गेल्यावर काकाच्यानं ते नाव लिवलं गेलं असंल काय?''

मग त्यानं पहिल्या वहीपासून वाचायला घेतलं. मला हसू आलं होतं, हे कबूल करतो. दोन महिने तो रविवार-रविवार वाचत होता. जिथं नाव नाही पण पोर आहे, तिथं त्यानं पांढरा दोरा ठेवला. 'चिमणी आज दुकानात आली', 'लहान चपला आणल्या', असं सगळं. काकूची नजर ओळीवरून घसरायची, म्हणून त्यानं पुठ्ठ्याची चौकट केली. तिच्यात पतंगाचा पातळ कागद तेल लावून ताणला आणि मधोमध एका ओळीची फट कापली. फटीतली ओळ स्वच्छ दिसायची, वरच्या-खालच्या ओळी धुरकट, पण दिसायच्या. मी म्हटलं, ''पुरा पुठ्ठाच ठेव ना, बाकीचं झाकून जाईल.''

''बाकीचं झाकाचं नाही,'' तो म्हणाला. ''मांग सरकवाचं फक्त. ओळ एकटी पडली का मुकी होते.''

शेवटी त्यानं काकूसमोर ती वही उघडली, जिथं माझी यादी संपली होती. चौकट ठेवली. काकूनं बोट लावून वाचलं, ''आज... दुकान... उघडलं नाही.'' चौकट एक ओळ खाली सरकली. ''अंगणातला झोका काढला नाही. राहू दिला.'' मग पुढच्या साली, मृगाच्या आधी, 'झोक्याचा दोर बदलला.' त्याच्या पुढच्या साली तेच. दर वहीत एक दोरा आणि तीच एक ओळ, अगदी शेवटच्या वहीपर्यंत.

काकूनं त्या शेवटच्या ओळीवर बोट तसंच ठेवलं. मग म्हणाली, ''मी दरसाली भांडो त्याइच्याशी. कोनी बसत नाही तं दोर कायले बदलता म्हनून...'' आणि लहान पोरीसारखी रडली. त्या रात्री तिनं सगळे दोरे स्वतःच्या हातानं काढले. म्हणाली, ''आता पयल्या पानापासून वाचतो. ऊन-पानी, गिऱ्हाईक, समदं.''

दादाच्या तेराव्याला काकूनं ती चौकट माझ्या हातात ठेवली. ''तुलेच कामाची आहे,'' एवढंच बोलली. टोमणा होता की माया, कळलं नाही. बहुधा दोन्ही.

वाशीमला आल्यावर मी दादाचं शेवटचं पोष्टकार्ड शोधलं. 'तब्येत कशी आहे ते कळव' असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर. चौकट ठेवली. फटीत ओळ आली, 'तब्येत बरी आहे.' तेव्हा मी तेवढंच वाचून कार्ड फायलीला लावलं होतं. आता तेलकट कागदाखाली पुढची ओळ धुरकट दिसत होती. मी चौकट खाली सरकवली. 'पायऱ्या चढताना दम लागते. सुटी असली तं दोन दिवस येऊन जा.'

सुट्या होत्या. अकरा शिल्लक होत्या.

आता रोज संध्याकाळी ते कार्ड मी चौकट न लावता वाचतो. पहिल्या अक्षरापासून, पत्त्यासकट.