आमच्या टर्मिनलची रंगसफेदी

आमच्या ऑफिसात कामाचं कितीही नीट लिहून ठेवलं, तरी सहा महिन्यांनी ते कुणाला आठवत नाही. पण कोण कधी कसं फसलं, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ! त्यातही टर्मिनलच्या रंगांवरून झालेले किस्से इतके साठलेत, की नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यातच चहाबरोबर ते त्याला ऐकवावे लागतात. टर्मिनल म्हणजे लिनक्समधली ती काळी खिडकी, जिच्यात आम्ही दिवसभर कमांड टाइप करत बसतो. रोज आठ तास जिच्याकडे बघायचं, ती आपल्या आवडीच्या रंगात असावी असं वाटणारच ना? तिथूनच सगळं सुरू होतं.

ऑफिस कर्वेनगरला, पिको-फॉलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. मी, धायरीचा गणेश आणि आमचे टीम लीड जोगळेकर सर. सर पंचावन्नचे. सगळ्यांना अहो-जाहो करतात. वॉचमनला, कुरिअरवाल्याला, आणि फारच संतापले तर सर्व्हरलासुद्धा.

* * *

गणेशला नवीन लॅपटॉप मिळाला त्या दिवशीची गोष्ट. त्यानं कुठूनतरी एक रंगसंगती कॉपी करून सेटिंगच्या फाइलमध्ये टाकली. टर्मिनल उघडलं तर पांढरं शुभ्र. टाइप करतोय, एंटर मारतोय, काही उमटतच नाही. त्यानं कीबोर्ड बदलून पाहिला. मग अख्खं लिनक्स पुन्हा टाकायला पेन ड्राइव्ह शोधायला लागला.

सर मागं येऊन उभे राहिले. "काय होतंय?"

"सर, टर्मिनल मेलंय. टाइपच व्हईना."

"जरा माउसनं सगळं सिलेक्ट करा."

केलं. सिलेक्ट केलेल्या निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं झळकली. त्याच्या सगळ्या कमांड तिथं होत्या, आणि मधूनमधून त्यानं टर्मिनलला टाइप करून घातलेल्या शिव्यासुद्धा. अक्षरांचा रंग पांढरा आणि पाठीचाही पांढरा, एवढंच झालं होतं.

"जिवंत आहे," सर म्हणाले. "आणि सगळं ऐकलंय त्यानं."

* * *

मग माझी पाळी आली. माझ्याकडे फोल्डरांची नावं काळ्यावर गडद निळी दिसायची, म्हणजे दिसायचीच नाहीत. मी सेटिंगमध्ये जाऊन निळा फिकट केला. फरक नाही. अजून फिकट केला. फरक नाही. चिडून पोपटी केला, मग गुलाबी केला. फोल्डर आपले निळेच! इंटरनेटवर मदत मागितली, तर कुणीतरी लिहिलं, मशीन बंद करून चालू करा. तेही केलं. तीन तास गेले. मी अगदी रडकुंडीला आले.

सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "मेधाताई, वर प्रोफाइलचं नाव काय लिहिलंय, तेवढं वाचा."

टर्मिनलमध्ये रंगांचे वेगवेगळे संच ठेवता येतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. मी हौसेनं 'मेधा' नावाचं एक बनवलं होतं आणि त्यातलेच रंग बदलत होते. खिडकी मात्र जुन्याच प्रोफाइलमध्ये उघडत होती.

"म्हणजे आपण," सर म्हणाले, "सकाळपासून शेजाऱ्यांची भिंत रंगवताय."

* * *

आता सर चुकत नाहीत असं वाटेल. चुकतात. फक्त त्यांची चूकसुद्धा शुद्ध असते.

एका नवीन सर्व्हरला जोडलं की आमचे सगळे रंग गायब व्हायचे, आणि एडिटर उघडायला गेलं की 'हे कुठलं टर्मिनल, मी ओळखत नाही' अशा अर्थाचा निरोप यायचा. आपण कुठल्या जातीचं टर्मिनल वापरतोय, हे सर्व्हरला एका ओळीत सांगावं लागतं. ती ओळ सरांनी स्वतः लिहिलेली, त्यामुळे ती तपासायचं धाडस कुणाला होईना. दीड दिवस आम्ही बाकी सगळं तपासलं.

शेवटी गणेशनं हळूच ती ओळ वाचली. "सर, तुमच्या कलरमधी एक यू जादा हाय."

सरांनी कलर हा शब्द इंग्लंडमध्ये लिहितात तसा लिहिला होता. मशीनला अमेरिकेतला हवा होता. सरांनी चष्मा पुसला, यू काढला. सगळे रंग परत आले.

"माझं स्पेलिंग बरोबर होतं," ते म्हणाले. "सर्व्हरची शाळा वेगळी."

* * *

एकदा मी घरून काम करत होते. आम्ही कसबा पेठेत राहतो. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हल्ली सगळे फ्लेक्सच लावतात, म्हणून त्यांचे ब्रश कपाटात आहेत. ते माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवरच्या फिकट ओळींवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे करड्यावर करडं कोणी लिहिलंय?"

"बाबा, ते मुद्दाम असतं. त्या ओळी फार महत्त्वाच्या नसतात."

"मग लिहिता कशाला?"

मग त्यांनी खुर्ची ओढली. "हा पिवळा आजारी आहे. चिमूटभर तांबडा घाल." मी लाल रंगाचा आकडा वाढवला. "अजून. अजून. बास." त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, मागं सरकून दारातून पाहिलं. तासाभरात टर्मिनलचे सोळाच्या सोळा रंग त्यांनी मिसळून दिले, आणि अहाहा, काय स्क्रीन दिसायला लागला! कितीतरी दिवसांनी बाबा हात पुसत उठले. हाताला काहीच लागलं नव्हतं, तरी पुसले.

दुसऱ्या दिवशी गणेश माझ्या स्क्रीनकडे बघतच राहिला. "कुठली थीम गं ही?"

"कसबा पेठ."

तो अर्धा तास इंटरनेटवर शोधत होता.

* * *

आणि आता तो किस्सा, जो सांगताना अजूनही माझा आवाज चढतो.

आमच्याकडे एका मोठ्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं काम आहे. त्याचे सर्व्हर दोन. एक खरा, ज्यावर पेशंट नंबर लावतात. दुसरा आमच्या चाचण्यांचा, ज्यावरचा डेटा आम्ही दर शुक्रवारी पुसून टाकतो. चुकून खऱ्यावरचं पुसलं जाऊ नये, म्हणून गणेशनं एक झकास युक्ती केली. खऱ्या सर्व्हरला जोडलं की टर्मिनलची पाठ गडद लाल होणार, चाचणीच्या सर्व्हरला जोडलं की गडद हिरवी. "आता कोण चुकतंय बघू," तो म्हणाला.

पहिल्याच शुक्रवारी सकाळी सर पुसायला बसले. मी चहा द्यायला त्यांच्या टेबलाशी गेले आणि बघते तर अख्खा स्क्रीन लाल. पुसायची कमांड पूर्ण टाइप केलेली. बोट एंटरकडे निघालेलं.

मी कप सोडून दिला आणि सरळ त्यांचा हात धरला.

"काय झालं?"

"सर, लाल आहे."

"काय लाल आहे?"

"स्क्रीन."

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग चाचणीच्या सर्व्हरची खिडकी उघडून तिच्याकडे पाहिलं. पुन्हा पहिलीकडे. मग माझ्याकडे.

"या दोन वेगळ्या आहेत?"

गणेश जागेवर उभा राहिला. चहा फरशीवरून वाहत होता, पण कुणी हललं नाही. सरांनी ती कमांड सावकाश, एकेक अक्षर करून खोडली.

"शाळेत चित्रकलेचे सर ओरडायचे," ते म्हणाले, "झाडाला मातीचा रंग देतो म्हणून. मला वाटायचं, माझा हातच वाईट आहे."

"सर, माझ्यामुळं आज..." गणेशचा चेहरा पडला होता.

"आपल्यामुळे कळलं."

त्या दिवशी आम्ही बाकीचं काम बाजूला ठेवलं. त्यांच्या दोन बाजूंना खुर्च्या ओढून बसलो. आम्ही रंगांची एकेक जोडी दाखवायची, सरांनी 'वेगळे' किंवा 'तेच' म्हणायचं. खरा सर्व्हर पिवळा ठरला, चाचणीचा निळा. मशीन चुका दाखवतं त्या लाल ओळीसुद्धा पिवळ्या आणि ठळक केल्या. मग सरांनी एक जुनी फाइल उघडली आणि ते हसायलाच लागले.

"अहो, चूक आपोआप दिसतेय. इतकी वर्षं मी प्रत्येक ओळ वाचून काढत होतो."

त्यांनी लगेच घरी फोन लावला. स्पीकरवर टाकला आणि लाल, हिरवा, पिवळा, निळा, सगळं काकूंना भरभरून सांगितलं. सरांना एका दमात इतकं बोलताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.



मग काकू म्हणाल्या, "तरीच मंडईतून हिरवे आणता! त्या मुलांना विचारून या, टोमॅटोचं सेटिंग कुठं असतं."