घाटाकडे वळलेली खुर्ची

इंग्रजीच्या मास्तरांच्या चेहऱ्यावर कधी काही उमटत नसे. सिरोंच्याच्या आमच्या शाळेत मुले त्यांना 'बोम्मा मास्तर' म्हणत; बोम्मा म्हणजे तेलुगूत बाहुली. शाळेचा शिपाई गोपाळा म्हणायचा, "मास्तरच्या नाकावर माशी बसली, तर तिले समजत नाई, हा माणूस जागा आहे का झोपला." हे एकदा मास्तरांच्या कानी गेले. "निरीक्षण बरोबर आहे," एवढेच म्हणून ते फळा पुसू लागले.

अशा माणसाने आम्हांला 'एक्सप्रेसिव्ह' हा शब्द शिकवला. त्यांची पद्धत ठरलेली होती: शब्द आधी पाहायचा, मग लिहायचा. बाजाराच्या दिवशी त्यांनी वर्गाला शाळेच्या ओट्यावर बसवले. तेथून बाजार दिसे, पण बोलणे ऐकू येत नसे. वांग्यांच्या ढिगापुढे एक बाई हातवारे करीत होती.

"चिडली आहे की थट्टा करते आहे?" मास्तरांनी विचारले.

"चिडली!" आम्ही एकसुरात म्हणालो.

"थट्टा करून राह्यली, मास्तर," नावाड्याचा मल्लय्या म्हणाला. "चिडली असती तर पुढं सरकली असती. माझी माय सरकते, मंग आमी पळतो."

"बरोबर. तिचे हात आणि पाय दोन्ही एक्सप्रेसिव्ह आहेत." मग त्यांनी सावकाश सांगितले, "भावना असणे ही एक गोष्ट आणि ती समोरच्यापर्यंत पोहोचणे ही दुसरी. हा शब्द दुसऱ्या गोष्टीचा आहे. डोळे, आवाज, एखाद्याचे गप्प बसणे, यांतून मनातले पोहोचत असेल, तरच तो लावा. नुसत्या हळव्या माणसाला लावू नका."

मास्तरांची म्हातारी आई वरोऱ्याला एकटी राहत असे. तिला दिसेनासे झाले होते आणि गाव सोडून यायला ती तयार नव्हती. मास्तर दरवर्षी बदली मागत. तपासणीला येणारे साहेब दरवर्षी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत आणि म्हणत, "तुम्ही येथे चांगलेच रमलेले दिसता." मास्तर म्हणत, "होय साहेब." गोष्ट तेथेच संपे. पुढे पावसाळा लागे, प्राणहिता भरे, नाव बंद होई, चांद्याकडची वाट नाल्यांखाली जाई, आणि आम्ही सारेच चार महिने कोंडले जात असू. आम्ही आमच्या घरी कोंडलेले असू, हा फरक मला फार उशिरा कळला.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी साहेब आमच्या वर्गात आले आणि त्यांनी नेमके त्याच शब्दाचे वाक्य मागितले. मल्लय्या उठला. आमच्या मास्तरांची खुर्ची एक्सप्रेसिव्ह आहे, असे त्याने चांगल्या इंग्रजीत सांगितले.

साहेब हसले. "खुर्ची? लाकडाला कसली रे भावना?"

मल्लय्याची इंग्रजी संपली. "साहेब, गोपाळाभाऊ रोज खुर्ची आमच्याकडं तोंड करून ठेवते. मास्तर आले का तिले खिडकीकडं फिरवतात. तिकडं घाट हाय, वरोऱ्याले जायची नाव तिथूनच सुटते. नाव सुटली का मंग आमी काय लिवतो, ते बी पाहत नाईत. मास्तरले घरी जायचं हाय, साहेब."

साहेब मास्तरांकडे वळले. "वाक्य चुकीचे आहे ना, मास्तर?"

'होय साहेब' म्हणण्याची मास्तरांना इतक्या वर्षांची सवय होती. हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला. चेहरा होता तसाच होता.

"नाही साहेब. वाक्य बरोबर आहे."

साहेब बराच वेळ त्या खुर्चीकडे पाहत राहिले. "पाहू," जाताना ते म्हणाले, "पावसाच्या आत हुकूम निघतो का ते."

पाऊस आधी आला. नाव बंद झाली. खिडकीतून पाण्याखेरीज काही दिसत नव्हते, तरी मास्तर रोज खुर्ची फिरवीत.

पूर उतरल्यावर पहिली नाव आली. गोपाळा टपाल घेऊन धावतच वर्गात शिरला. "मास्तर, बदली झाली! वरोऱ्याले!" कचेरीत उघडलेल्या हुकुमाच्या लिफाफ्यामागे त्याच्या हातात एक पोस्टकार्डही होते. त्याचा कोपरा फाडलेला होता. मरणाची बातमी असलेले कार्ड आमच्याकडे तसेच पाठवतात. ते आम्हांला शेवटच्या बाकावरूनही दिसले. गोपाळाने ते मागाहून पाहिले आणि दोन्ही टेबलावर ठेवून तो मागे सरला.

मास्तरांनी कार्ड वाचले, खिशात ठेवले आणि राहिलेला धडा पुरा केला.

दुसऱ्या दिवशी गोपाळाने न सांगता खुर्ची खिडकीकडे तोंड करूनच ठेवली होती. मास्तर आले आणि त्यांनी ती आमच्याकडे वळवली. "नवा शब्द घ्या," ते म्हणाले.

हुकूम होता, त्यामुळे आठवड्याभराने त्यांना जावे लागले. आम्ही घाटावर उभे होतो. नाव बरीच दूर गेली, बोलणे ऐकू येईना. इतर उतारू पलीकडच्या काठाकडे पाहत होते. मास्तर तेवढे आमच्याकडे तोंड करून बसले होते.