पाना फुटला

लेकीचा लेक अंगणात मोटारसायकल खोलून बसला की ऑइलचा वास घरात येतो आणि मी थेट माधवनगरच्या गिरणीत जाऊन पोचते. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होते, लेक तीन महिन्यांची. सासूबाई तिला घेऊन गेटबाहेर लिंबाखाली बसायच्या, पण जेवणाचा भोंगा होईपर्यंत जागा सोडायची नाही, सोडली तर उद्यापासून घरी, असा मुकादमाचा नियम. काही बाया पोरांना अफूची गोळी चाटवून कामावर यायच्या. मला ते करायचं नव्हतं. एका सकाळी छाती दाटून आली, चोळी भिजली, तशी मी त्या खडखडाटात मुकादमाला ओरडून सांगितलं, "आवं, पाना फुटलाय, मी चालले!" आमच्याकडं पान्ह्यातला 'ह' कुणी उच्चारत नाही, आणि मुकादम पडला पुण्याचा. त्याला वाटलं, नटबोल्ट पिळायचा पाना मोडला. तो धावला स्टोअरकडे, मी लिंबाकडे. लेकीला पोटभर पाजून आले, तर हा नवाकोरा पाना घेऊन माझ्या यंत्रापाशी उभा. "कुठे आहे फुटलेला पाना?" मी ओल्या चोळीकडे बोट केलं. "ह्यो काय!" सगळं खातं हसलं. तो कानापर्यंत लाल झाला, पण मला घरी बसवायची काही त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून दहाच्या सुमाराला रोज कुणाचा ना कुणाचा पाना फुटायचा, आणि मुकादम भिंतीकडे बघत उभा राहायचा. आता अंगणातून नातू ओरडतो, "आजी, पाना कुठं गेला गं?" मी आतूनच सांगते, "तुझ्या आयनं कवाच पिऊन टाकलाय."