ब्रेकवरचा पाय
ब्रेक ऑइलचा उग्र वास आला की सास्तूरच्या आमच्या अंगणातली ती दुपार डोळ्यांसमोर उभी राहते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्यानं गाडीच्या ब्रेकचं बिघडलेलं एबीएस युनिट काढून नवं बसवलं होतं आणि आता ब्रेक ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची होती. तो चाकापाशी आडवा, आणि त्याच्या शब्दासरशी आत बसून कुणीतरी ब्रेक दाबायचा. मी पुढे झाले, तर तो म्हणाला, "आईला बसू दे. शिलाई मशीनवरचा पाय हाय तिचा, मधीच सुटायचा न्हाय." सासूबाई ऐटीत स्टेअरिंगमागे बसल्या. "दाब, आई. धर." "धरलंय की रं, तू तुझं बघ." "सोड." त्या दोघांच्या लयीत कडुनिंबाच्या सावलीलाही शिरायला जागा नव्हती, चहाचे कप धरून मी उभी होते, आतून करपत. संध्याकाळी गाडी तपासायला निघताना त्यानं मला शेजारी बसवलं. मोकळ्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला, गाडी सरळ रेषेत थांबली, आणि उजळल्या चेहऱ्यानं तो म्हणाला, "चल, आईला सांगू." आता ती गाडीही राहिली नाही, तरी तो वेग वाढवतो तेव्हा शेजारच्या सीटवर माझा पाय, जिथे ब्रेकच नाही तिथे, घट्ट दाबलेला असतो.