भादव्यातला उजेड

"अंधाराचं मले भेव नाई वाटत. उजेड येऊन मंग गेला, तं त्याचं वाटते," असं चंद्रभान कामडी एकदा म्हणाले होते.

ऐकणारे हसले. वर्ध्याच्या ज्या संस्थेत ते नोकरीला होते, तिथं त्यांच्या बोलण्यावर हसायची रीतच पडली होती. संस्था खेड्यांसाठी लहानसहान यंत्रं बनवायची. चंद्रभानजी आकडेमोड करायचे. जिथं विजेची तार पोचलेली नाही अशा वस्तीला वारा, ऊन आणि शेणाचा गॅस या तिघांच्या जोरावर वर्षभर वीज पुरेल का, हे आधी कागदावर घडवून पाहायचं, हे त्यांचं काम. साहेब लोक त्याला मॉडेल म्हणत. चंद्रभानजी म्हणत, कागदावरचं गाव.

त्या गावात बारा महिने आखलेले असत. चैत्रात ऊन भरपूर, आषाढात वारा भरपूर, थंडीत गॅस मंद. गावाची गरज लाल पेन्सिलीनं वरून ओढलेली. पण चांगल्या महिन्यांवर चंद्रभानजींची नजर ठरत नसे. ते वाईट आठवडा शोधत बसत. ढग हटत नाहीत, वारा पडलेला आहे, त्यात एखादी बॅटरी बसली, तर? दुसरी बसली, तर? शेजारच्या टेबलावरचे बंडूजी म्हणायचे, "चंद्रभानजीले सरगात धाडा, तिथंही पयले हेच इचारतीन, ढग आले तं किती दिवस पुरन?"

ही भीती जुनी होती. ते मूळचे नाचणगावचे. तरुणपणी पुलगावला एका गिरणीच्या पॉवरहाऊसमध्ये हेल्पर होते. पाळी बदलली, सगळे माग एकदम सुरू झाले की डोक्यावरचा दिवा क्षणभर खाली बसायचा, पिवळा व्हायचा, आणि मग सावरायचा. त्या क्षणात काय काय बंद पडू शकतं हे त्यांना ठाऊक होतं. पुढं अठ्ठ्याहत्तर साली ते वर्ध्याला आले, तरी जेवताना हातातला घास थांबवून वर पाहायची सवय गेली नाही. त्यांची बायको विमलाबाई म्हणायची, "जेवा ना. बलबाले नजर लागन तुमची."

त्र्याऐंशीत संस्थेनं सालईटोलीचं काम हाती घेतलं. हिंगणीच्या पलीकडं, बोरच्या जंगलाला टेकलेली ही लहानशी वस्ती. चंद्रभानजींची मुलगी कोकिळा दोन वर्षांपूर्वी तिथंच दिली होती, रूपरावांच्या घरी, त्यांच्या मुलाला. पहिल्यांदा कामाचं नाव ऐकलं तेव्हा त्यांना आनंद झाला नाही. वाईट आठवडा आला तर तो आता लेकीच्या घरात येणार होता.

टोलीजवळच्या टेकडीवर त्यांनी खांब उभा केला आणि वर्षभर वारा मोजला. उन्हाचे आकडे नागपूरहून आले. राहिली गुरं. संस्थेतला दुसरा कोणी गेला असता तर त्यानं गोठ्यागोठ्यात वाकून पाहिलं असतं. पण गावच्या सुनेचा बाप सगळ्या गावाचा व्याही, तिकडच्या बोलीत इवाई, असतो. व्याह्याच्या गोठ्यात डोकावून जनावरं मोजणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं ठरवणं. म्हणून चंद्रभानजी प्रत्येक दाराशी बाजेवर बसले आणि विचारत गेले. लोक अदबीनं सांगत गेले. रूपरावांनी मिशीवर हात फिरवून सहा सांगितली. पलीकडच्यानं मग आठ सांगितली.

कागदावरचं गाव सुरेख उभं राहिलं. भादव्यात ढग असतात आणि वाराही ओसरतो, तो खड्डा गॅसनं बरोबर भरून निघत होता. संस्थेचे प्रमुख वासुदेवराव खूश झाले. प्रस्ताव तयार झाला. त्यात एकच अट जाचणारी होती. काम मंजूर झालं की सालईटोली उजेडाची वस्ती धरली जाणार आणि तार ओढायच्या गावांच्या यादीतून तिचं नाव निघणार. नंतर काही चुकलं तर पुन्हा यादीच्या तळाशी.

पंच्याऐंशीच्या फाल्गुनात टेकडीवरचा खांब उतरवायला ते गेले. परतताना जंगलाच्या वाटेवर कोकिळा दिसली. हिंगणीचा कळप चरून नुकताच पुढं गेला होता आणि ती त्याच्या मागं टोपल्यात शेण गोळा करत होती.

"घरी सहा जनावरं असून हे काऊन करून राह्यली?"

ती दचकली. टोपली खाली ठेवून तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"दोनच आहेत, बाबा. सारवाले पुरत नाई."

"मंग सहा?"

"तुम्ही लग्नाच्या आधी घर पाहाले आलते, तवाची सहा. चार दुसऱ्याची आणून बांधली होती." तिनं वाटेवर मागंपुढं पाहिलं. "आता तुम्ही मोजाले आले तं मामंजींनं तेच सांगतलं. मंग साऱ्यांनंच वाढवून सांगतलं. पोरीच्या बापासमोर कमी कसं सांगन कोणी?"

चंद्रभानजींना लग्नाआधीचा तो गोठा आठवला. वेसणी नव्या होत्या. त्यांना बरं वाटलं होतं.

"बाबा, सभेत म्हणू नका. मले इथंच राहाचं आहे. मीच सांगतलं हे दुसऱ्याच दिवशी कळन त्याईले."

घरी येऊन त्यांनी पुन्हा गणित मांडलं. गुरं निम्मी धरली. मग निम्म्याहून थोडी जास्त धरून पाहिली, मनाच्या समाधानासाठी. भादव्यात जेवणं व्हायच्या आधीच बॅटऱ्या बसत होत्या. पिठाची चक्की बंद, विहिरीवरचा पंप बंद. दरवर्षी महिनाभर. आणि तार तर यादीच्या तळाशी गेलेली. त्या अंधारात त्यांना चूल पेटवणारी कोकिळाच दिसत राहिली, आणि तिच्याभोवती टोली, तिच्या बापाला बोल लावणारी.

वासुदेवरावांना एकट्यात सांगावं, असं त्यांनी दोनदा ठरवलं. एकदा तर ते त्यांच्या दारापर्यंत गेले. पण वासुदेवराव सरळ माणूस. त्यांनी लगेच फेरमोजणी लावली असती. चार माणसं गोठ्यात शिरली असती आणि टोलीनं विचारलं असतं, यांना सांगितलं कोणी? चंद्रभानजी बाहेरूनच परतले. त्या दिवसांत त्यांचं जेवण तुटलं. विमलाबाईनं विचारलं, तर आम्लपित्त म्हणाले.

चैत्रात सभा झाली. मारुतीच्या पारावर तक्ता टांगला. वासुदेवराव जीपमधून आले, लोकांना नमस्कार करून म्हणाले, "ज्यांनी हे सगळं मांडलं ते तुमच्याच घरचे आहेत. तेच सांगतील."

"आमच्या इवायानं मोजलं म्हंजे पाह्याचं काम नाई," रूपराव मोठ्यानं म्हणाले. माना हलल्या.

चंद्रभानजी उठले. तक्त्याकडं पाठ करून उभे राहिले.

"हिशोब चुकला आहे, साहेब."

"काय?"

"वाऱ्याचा एक महिना मी दोनदा मिळवला. पुढचं सारं त्याच्यावरच बसलं. भादव्यात पुरत नाई. अंधार पडते."

वासुदेवरावांनी चष्मा काढला. "तुम्ही? एकच महिना दोनदा?"

"हो."

"चंद्रभानजी, दीड वर्ष झालं. आणि आज सांगताय? इथं, या लोकांसमोर?"

"आजच ध्यानात आलं."

"वाऱ्याशिवाय दुसरं काही नाही ना? गुरांचे आकडे बरोबर आहेत?"

पारावरच्या माना खाली गेल्या. रूपराव धोतराचा सोगा नीट करू लागले. बायकांच्या घोळक्यात कोकिळा कडेवरच्या लेकराचं झबलं ओढत होती, सरळ असलेलं पुन्हा सरळ करत होती.

"गुरं बरोबर आहेत," चंद्रभानजी म्हणाले.

टोलीनं श्वास सोडला. आणि लगेच, सुटल्यासारखी, ती रागावली. दीड वर्ष आम्हाला आशेवर ठेवलं, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, आमच्या पोराले घेतलं असतं हिशोबाले तं बरं झालं असतं. सगळ्यात मोठा आवाज रूपरावांचा होता.

"पोरगी देऊन राह्यले तवा तं तुमच्या लोकाईनं सांगतलं, लय हिशोबी मानूस आहे. हा हिशोब का? एक न् एक दोन तं आमचा बैलही सांगते!"

लोक हसले. आधी पुरुष, मग एकदोन बायकाही. चंद्रभानजींनी रूपरावांकडं पाहिलं. रूपरावांची नजर क्षणभर टिकली, मग तक्त्यावर गेली.

वासुदेवराव तक्ता उतरवू लागले. "प्रस्ताव मी मागं घेतो," ते लोकांना म्हणाले. "तारेच्या यादीत तुमचं नाव आहे तसंच राहील. उशीर लागेल, पण राहील." मग तक्त्याची सुरळी करताना, चंद्रभानजींकडं न बघता, "उद्यापासून आकडेमोड बंडूजी पाहतील. तुम्ही स्टोअर सांभाळा."

चंद्रभानजींनी मान हलवली. त्यांच्या खिशात पेन्सिली होत्या. त्या त्यांनी काढल्या, आणि काय करावं ते न कळून पुन्हा खिशात ठेवल्या. कोकिळेनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि एक पाऊल पुढं टाकलं. तिच्या सासूनं मागून हाक मारली, तशी ती थांबली. चंद्रभानजी पारावरून उतरले. ड्रायव्हरनं जीपचं मागचं दार उघडून धरलं होतं. त्याच्या बाजूनं ते पुढं निघून गेले, घरांच्या ओळीतून, प्रत्येक दारातली बाज ओलांडत, हिंगणीच्या रस्त्याला.